सायकलींची फेरी आणि तिचा कागद

(महोत्सवानिमित्त भरलेल्या तरुणांच्या सभेंत प्रमुख धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



महोत्सव-समितींतील तरुण मंडळी मागील महिन्यांत आमच्याकडे आली व म्हणाली, "फादर, महोत्सवानिमित्त सायकलींची फेरी काढण्याचें आम्हीं योजिलें आहे. आपला आशीर्वाद हवा." फेरीच्या निमित्तानें वर्गणी जमवावी व ती आपल्या धर्मग्रामांतील डायलिसिस घेणाऱ्या रुग्णांस द्यावी, असा त्यांचा हेतु. तो ऐकून आम्हांस संतोष झाला. परंतु आशीर्वादापूर्वीं आम्हीं त्यांजपाशीं एक कागद मागितला. मार्ग कोणता, निघावयाचें केव्हां, शेवटचा माणूस घरीं केव्हां पोंचणार, आणि पैसे कोणाच्या हातीं? मंडळी एकमेकांकडे पाहूं लागली. त्या कागदाविषयींच आज बोलावयाचें आहे.

सायकल ही वसईकरांस नवी नव्हे. आपल्या वडीलधाऱ्यांनीं भाजीच्या पाट्या, फुलांचीं गांठोडीं व दुधाच्या किटल्या तिच्यावरूनच स्टेशनापर्यंत पोंचविल्या. पुढें एक दिवस लोक निव्वळ हौसेखातर, रिकाम्या कॅरिअरनें, कोसचे कोस सायकल हांकतील असें कोणीं त्यांस सांगितलें असतें, तर त्यांनीं त्या माणसास खुळ्यांत काढलें असतें. आम्हांस मात्र ह्या हौसेंत कांहीं वावगें दिसत नाहीं. गोरेगांवच्या सेमिनरींत असतांना सुटीच्या दिवशीं आम्हीहि आरे वसाहतींतील रस्त्यांनीं सायकलवर फिरत असूं, आणि तेथल्या चढापुढें तत्त्वज्ञानाचा कठीण धडाहि सोपा वाटे. शिवाय आपला मुलूख सायकलीवरूनच नीट दिसतो. मोटारींतून बावखल नजरेस येत नाहीं. पायीं जावें तर अर्धी वाट सरण्यापूर्वींच ऊन चढतें.

आतां मार्ग. मूळ बेत असा होता कीं, अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर न्याहारी करून नऊ वाजतां निघावें, वसईच्या किल्ल्यांत जावें, आणि दुपारीं परत अर्नाळ्यास यावें. बेत सुरेख, पण त्यांत वाऱ्याचा विचार नव्हता. हिंवाळ्यांत आपल्या किनाऱ्यावर पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे मंद वाहतो. दुपार होत आली, जमीन तापली, म्हणजे तो फिरतो व समुद्रावरून वायव्येचा जोर धरतो. अर्नाळा उत्तरेस, किल्ला दक्षिणेस. म्हणजे दमल्याभागल्या माणसांनीं भर उन्हांत, तोंडावर वारा घेऊन परतावयाचें! बेत उलटा करावा, एवढेंच आम्हीं सुचविलें. उजाडतां किल्ल्यापासून निघावें. गिरीज, भुईगांव, वाघोली, निर्मळ, आगाशी असें करीत अर्नाळा गांठावा. तेथें सुरूंच्या सावलींत विसांवा घ्यावा. आणि परततांना वारा पाठीशीं असावा. जाऊन येऊन हें अंतर तीसपस्तीस किलोमीटर भरतें. वाट सपाट आहे. निघतांना किल्ल्यांतील जुन्या मंदिरांच्या बिनछपराच्या भिंतींपाशीं क्षणभर थांबावें. संत गोन्सालो गार्सिया ह्याच वसईचे. 1597 सालीं दूर जपानांत नागासाकी येथें ते हुतात्मा झाले व 1862 सालीं संतपदास चढले. पुढें केळीच्या वाड्या, मग निर्मळचें तळें. तळ्यापाशीं अर्धा तास मोडला तरी तो वायां गेला असें कोणीं समजूं नये.

वेगाविषयीं आमचें मत ठाम आहे. ज्यास रोजची संवय नाहीं, तो तासाला बारा ते पंधरा किलोमीटर सुखानें जातो. फेरीचें वेळापत्रक त्याच्या पायांवरून आंखावें, पुढें पळणाऱ्यांच्या पायांवरून नव्हे. पुढच्यांनीं ठराविक नाक्यावर थांबावें. शेवटचा आला म्हणजे त्यासहि श्वास घेण्यापुरता वेळ द्यावा, तो येतांच शिट्टी वाजवून निघूं नये. पुष्कळ फेऱ्यांत विश्रांति मिळते ती नेमकी ज्यांस तिची गरज नाहीं त्यांसच. सीटची उंची आदल्या दिवशींच पाहून घ्यावी: टांच पायडलवर ठेवून तें अगदीं खालीं नेलें असतां पाय जवळजवळ सरळ व्हावा. सीट फार खालीं असली म्हणजे गुडघे धरतात, आणि दोष मग रस्त्यास दिला जातो. तहान लागण्याची वाट न पाहतां पाणी घोटघोट घ्यावें. रस्त्यानें एकामागें एक चालावें.

हेल्मेटविषयीं मंडळींत कुरकुर आहे असें कानीं आलें. इटालींत कोमो सरोवराच्या वरच्या बाजूस गिसाल्लो नांवाच्या घाटमाथ्यावर पवित्र मरियेचें एक लहानसें मंदिर आहे. पोप बारावे पायस ह्यांनीं 1949 सालीं तेथील मातेस सायकलस्वारांची आश्रयदात्री म्हणून घोषित केलें. त्या मंदिरांत नामांकित स्वारांच्या सायकली ठेविल्या आहेत, आणि त्यांत एक मोडलेली आहे. ती फाबिओ कासार्तेल्ली ह्याची. 1992 सालीं बार्सिलोनाच्या ऑलिंपिकमध्यें ह्यानें सुवर्णपदक जिंकलें, आणि 1995 च्या जुलैंत फ्रान्समधील शर्यतींत एक घाट उतरतांना पडून डोक्यास मार लागल्यानें तो मरण पावला. वय अवघें चोवीस. डोक्यावर हेल्मेट नव्हतें. व्यावसायिक शर्यतींत तें सक्तीचें झालें 2003 सालीं. आपल्या फेरींत तें आजपासून सक्तीचें आहे, आणि ज्यास तें जड वाटतें त्यानें नाक्यावर पाणी वाटण्यास यावें; तेथेंहि माणसें हवींच आहेत.

ह्यापुढची गोष्ट सांगतांना आम्हांस आजहि संकोच वाटतो. आम्ही दुसऱ्या एका ठिकाणीं सेवेस असतांना अशीच एक फेरी निघाली होती. एका विधवा भगिनीच्या मुलाच्या उपचारासाठीं ती होती, आणि तिला आम्हींच शब्द दिला होता. लोकांनीं हात सैल सोडून दिलें. फेरी थाटांत झाली. टी-शर्ट, मांडव, ध्वनिक्षेपक, फलक, जेवण, सर्व कांहीं झालें. हिशेब मांडला तेव्हां जमलेल्या रकमेपैकीं अर्ध्याहून अधिक ह्याच गोष्टींत गेली होती. कोणीं एक पैहि खाल्ली नव्हती. आम्ही उरलेलें पाकीट घेऊन त्या बाईंच्या घरीं गेलों. तिनें तें मोजलें नाहीं, "फादर, चहा घेतां ना?" एवढेंच म्हणाली. त्या चहाची चव अद्याप आमच्या तोंडांत आहे.

म्हणून ह्या वेळीं पेट्या दोन. रुग्णांसाठीं दिलेला रुपया पहिल्या पेटींत पडला म्हणजे तो रुग्णांचाच. फेरीचा खर्च स्वारांनीं स्वतः भरावयाचा, किंवा खर्चासाठीं म्हणूनच कोणीं वेगळा द्यावयाचा. टी-शर्ट नाहींत. किलोमीटरमागें इतके रुपये, अशी बोलीहि आम्हांस नको. तिच्यापायीं अशक्त माणूस चार पैसे अधिक मिळावे म्हणून छातींत कळ येईपर्यंत पायडल मारतो. देणगी ठोक घ्यावी. निम्म्या वाटेंतून कोणी परतला तरी ती पुरी समजावी. आणि रुग्णांस व्यासपीठावर बसवून पाकिटें देण्याची कल्पना मंडळींनीं सोडून दिली, ह्याबद्दल आम्ही त्यांचे आभारी आहों. आठवड्यांतून दोनदां-तीनदां, दर वेळीं चारचार तास यंत्रास जोडून पडणाऱ्या माणसाला टाळ्यांपेक्षां रिक्षाचें भाडें अधिक हवें असतें. यंत्राचा खर्च एखाद्या योजनेंतून सुटला तरी जाण्यायेण्याचा सुटत नाहीं, आणि सोबत जाणाऱ्याची मजुरी बुडते ती वेगळीच.

गिसाल्लोच्या त्या मंदिरांत जीनो बार्ताली ह्याचीहि सायकल आहे. फ्रान्सची मोठी शर्यत त्यानें 1938 व 1948 अशी दोनदां जिंकली. ह्या दोन विजयांच्या मध्यें महायुद्ध येऊन गेलें. इटाली जर्मनांच्या ताब्यांत असतांना, सरावाच्या मिषानें, तो फ्लॉरेन्स व असिसी ह्यांच्या दरम्यान सायकल हांकीत असे. छळांतून लपलेल्या यहुदी लोकांसाठीं बनावट ओळखपत्रें लागत. त्यांचे कागद व फोटो सायकलीच्या नळींत दडवून तो नेत असे. फ्लॉरेन्सचे कार्डिनल दाल्ला कोस्ता ह्यांनीं हें काम उभें केलें होतें. बार्ताली 2000 सालीं वारला. ह्या कामाबद्दल यरुशलेमच्या याद वाशेम संस्थेनें त्याचा गौरव केला तो 2013 सालीं. हयातींत त्यानें ह्याविषयीं फारसें बोलणें टाळलें होतें.

कागद आतां तयार आहे व तो देवळाच्या दाराशीं लाविला आहे. नांवें पुढील रविवारपर्यंत द्यावीं. ब्रेक, चेन व हवा आदल्या संध्याकाळीं पटांगणांत तपासून दिली जाईल. ज्यांच्या सायकली पावसाळ्यापासून माळ्यावर पडल्या आहेत त्यांनीं तरी अवश्य यावें. सर्वांत पुढें कोण असावें तें मंडळींनीं ठरवावें. सर्वांत मागें आम्ही राहूं. पंप आमच्यापाशीं आहे. पंक्चरचें सामान मात्र कोणींतरी आणावें.