नरक्या ओळखताना

सह्याद्रीच्या सदाहरित रानात, दाट झाडीच्या सावलीत नरक्याचं छोटेखानी झाड वाढतं. पानं फांदीच्या टोकाशी एकवटलेली आणि त्याखाली, गळून गेलेल्या पानांचे ठळक वण. शंका उरलीच, तर पावसाळ्यात फुलं हुंगा. इवली, पिवळट पांढरी. पण दुर्गंध असा, की पुन्हा ओळख चुकणार नाही! फळं पिकली की काळपट जांभळी होतात.

या झाडात कॅम्प्टोथेसिन असतं. कर्करोगावरच्या काही औषधांचं हे मूळद्रव्य १९६६मध्ये एका चिनी झाडातून वेगळं करणाऱ्यांत नंदुरबारला जन्मलेले मनसुख वाणी होते. त्याच द्रव्यापायी सह्याद्रीतल्या नरक्याची बेसुमार तोड झाली. म्हणून झाड जरूर ओळखा, पण त्याचा ठावठिकाणा अनोळखी व्यापाऱ्याला सांगू नका. तोड दिसली, तर वनखात्याला लगेच कळवा.