तळ्याचा हक्क आणि तळ्याची निगा



तळे म्हटले की आपल्याला प्रथम महाड आठवते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. पाणवठे सर्वांना खुले करण्याचा रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ सालीच झाला होता. महाड नगरपालिकेचा ठराव १९२४ चा. कागद तयार होता, पण पाण्यापर्यंत माणसांनाच चालत जावे लागले. पुढे दावा चालला आणि १९३७ साली हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला. सार्वजनिक विहिरी व तलाव वापरताना धर्म, जात वा लिंग यांवरून कोणाला अडवता येणार नाही, हे आज संविधानाच्या कलम १५ मध्ये लिहिलेले आहे.

त्याच संविधानात १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने मूलभूत कर्तव्ये आली. वने, सरोवरे, नद्या यांचे रक्षण करणे हे त्यांपैकी एक. हक्काचे कलम आपल्याला पाठ असते. कर्तव्याच्या कलमाकडे मात्र आपण परीक्षेपुरते पाहतो.

मी बँकेतला कारकून. सामाईक खात्याची रीत मला ठाऊक आहे. पैसे काढायला सगळे येतात, भरायला कोणी येत नाही, तेव्हा खाते बुडते. तळ्याचेही तसेच आहे. आपल्या तालुक्यात सिंदखेडराजाला जाधवरावांच्या काळातील मोती तलाव व चांदणी तलाव आजही उभे आहेत. बांधणाऱ्याचे नाव इतिहासात राहते, परंतु दरसाल गाळ काढणारा, सांडवा मोकळा ठेवणारा, पाळीवरची झुडपे तोडणारा कोणी असेल तरच पाणी राहते.

पूर्व विदर्भाचे उदाहरण घ्या. भंडारा-गोंदिया भागात जुन्या मालगुजारीतील शेकडो तलाव आहेत. लोक त्यांना मामा तलाव म्हणतात. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, हे योग्यच झाले. तलाव सरकारचे झाले, पण गावाची निगा सुटली. गाळ साचला, काठावर बेशरम माजली, देशी मासे कमी झाले. तेव्हा अर्जुनी मोरगाव परिसरात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर समाजाला बरोबर घेतले. बायाबापड्यांनी बेशरम उपटली आणि देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. मासे वाढले, पक्षी परतले. कोणता मासा कोणत्या वनस्पतीत अंडी घालतो, हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या जाळे टाकणाऱ्यांकडेच होते. ज्यांना गावाने कडेला ठेवले, तेच तलावाचे जाणकार निघाले.

मित्रहो, मला सांगायचे आहे ते एवढेच. तळ्याची निगा घ्यायला समिती हवी, आणि त्या समितीत सर्व वस्त्यांची माणसे हवीत. श्रमदानाला घमेली उचलायला आमची पोरे आणि ठरावावर सही दुसऱ्याची, असे होता कामा नये. पाणी भरणाऱ्या बायांनाही तेथे बोलण्याचा अधिकार असावा.

गाळाचाही हिशोब हवा. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना २०१७ साली सुरू झाली आणि २०२३ पासून तीत अल्पभूधारकांसाठी अनुदानाची तरतूद आली. ज्याच्याकडे ट्रॅक्टर त्याच्याच वावरात गाळ जाणार असेल, तर ते तळे सामाईक कसले? दोन एकरवाल्याचे नाव यादीत आहे की नाही, ते समितीने पाहावे आणि यादी ग्रामसभेत मोठ्याने वाचावी.

विद्यार्थ्यांनी तीन कामे करावीत. उन्हाळ्यात व पावसाळ्यानंतर पाण्याची पातळी मोजून वहीत लिहावी. तळ्यात येणाऱ्या नाल्यांतले प्लॅस्टिक पहिल्या पावसाआधी काढावे. आणि ग्रामसभेला हजर राहून तळ्याचा विषय कार्यवृत्तात नोंदवून घ्यावा. नोंद नसलेल्या कामाला पुढे कोणी विचारत नाही, हे बँकेत मी रोज पाहतो.

महाडला आपल्या माणसांनी तळ्यापर्यंत जाण्याचा रस्ता मोकळा केला. त्या रस्त्याच्या टोकाला पाणी शिल्लक ठेवणे हे आता आपले काम आहे.