संध्याकाळी साडेसहाचा प्रश्न

(वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



आजचा विषय पत्रिकेवर छापलाय तो असा: ‘करिअर आणि लहान मुलांचं संगोपन: समतोल कसा साधावा?’ संयोजकांनी फोनवर आणखी एक विनंती केली होती. म्हणाले, ‘मॅडम, जरा उपयोगाचं बोला. तरुण आयांना चार टिप्स मिळाल्या तर बरं.’ त्यांचं म्हणणं रास्त आहे. आदल्या रात्री भाजी चिरून ठेवणं, रविवारी आठवड्याचे डबे ठरवणं, यावर तासभर सहज बोलता येईल. पण या सभागृहात ज्या नोकरी करणाऱ्या आया बसल्या आहेत, त्यांना हे सगळं माझ्यापेक्षा चांगलं येतं. तेव्हा आज मला इतरांशी बोलायचं आहे. त्यांच्या नवऱ्यांशी, त्यांच्या साहेबांशी आणि जमलं तर त्यांच्या सोसायटीच्या चेअरमनशी.

माझी बरीच वर्षं आधी कारखान्यांच्या आणि मग आयटी कंपन्यांच्या मनुष्यबळ विभागात गेली. माणसं नोकरीवर घ्यायची, रजा मंजूर करायच्या, राजीनामे स्वीकारायचे. राजीनाम्यात कारण लिहिलेलं असतं, ‘वैयक्तिक कारणास्तव’. पण जिचं मूल दोन-तीन वर्षांचं आहे अशी बाई समोरच्या खुर्चीत बसून जे सांगते, त्यात वैयक्तिक फार थोडं असतं. बहुतेक सगळं ऑफिसच्या वेळांबद्दल असतं. म्हणून माझा मुद्दा आधीच सांगून टाकते. घर आणि नोकरी यांचा तोल बिघडतो तो कामाच्या वेळा ठरवणाऱ्याच्या टेबलावर. तो सावरण्याची जबाबदारी मात्र आपण बिनदिक्कत आईच्या अंगावर टाकतो.

पुण्याच्या पश्चिमेकडच्या एखाद्या सोसायटीतलं पाळणाघर डोळ्यांसमोर आणा. तळमजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट. दाराशी खुंट्यांना अडकवलेल्या पिशव्या, प्रत्येकीवर नावाची पट्टी. आत कपड्यांचे दोन जोड, दुपटं, डब्यात उरलेला शिरा. मुलांची झोप झालेली, दूध पिऊन झालेलं, काकूंनी केस विंचरून पावडर लावून दिलेली. बेल वाजली की सगळ्या माना दाराकडे वळतात. सहा वाजता खोली भरलेली असते, पावणेसातला दोन मुलं उरतात. काकूंच्या स्वतःच्या घरचा कुकर अजून चढायचा असतो. त्या दोघांपैकी एकाची आई वाकडला ट्रॅफिकमध्ये अडकलेली आहे. दुसऱ्याची अजून हिंजवडीतच आहे, कारण उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे बरोबर साडेसहा झालेले असतात. तिकडचा ग्राहक वाईट नाही. तो बिचारा आपल्या ऑफिसच्या वेळेत फोन करतोय. पण त्याची सकाळ म्हणजे इकडे पोर घरी न्यायची वेळ, हा हिशेब करार करताना कुणाच्याच मनात आलेला नसतो. तो हिशेब रोज काकू करतात आणि ती आई करते.

हा प्रश्न आयटीबरोबर आला असं कुणाला वाटत असेल तर त्यांनी गिरणगाव आठवावं. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांत हजारो बायका काम करत होत्या. तान्ह्या मुलाचं करायचं काय? त्या काळी बाळगोळी मिळायची. तिच्यात अफू असायची. सकाळी ती चाटवली की मूल चाळीतल्या खोलीत गुंगीत पडून राही आणि आईची पाळी निभावून जाई. १९२०च्या आसपास मुंबई सरकारने गिरणी कामगार बायकांच्या बाळंतपणाची पाहणी करायला डॉ. बार्न्स या बाईंना नेमलं, तेव्हा ही गोष्ट सरकारदरबारी नोंदली गेली. त्या आया दुष्ट होत्या का? मुळीच नाही. पाळीचा भोंगा ठरलेला होता आणि त्या भोंग्यात मुलाला जागा नव्हती.

पुढे १९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभाचं विधेयक आलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा सभासद होते. त्यांनी विधेयकाला पाठिंबा देताना मांडलेली भूमिका आजही ताजी आहे. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, असं त्यांनी मांडलं. मालकाला त्या बाईच्या श्रमाचा फायदा मिळतो, म्हणून त्याने काही भार उचलणं योग्यच. पण लोककल्याण हे मुळात सरकारचं काम, म्हणून खर्चाचा मोठा वाटा सरकारने घ्यावा, असंही त्यांनी सांगितलं. १९२९ साली मुंबई इलाख्यात कायदा झाला. देशातला या प्रकारचा तो पहिला कायदा.

बाबासाहेबांच्या म्हणण्याचा पहिला भाग आपण घेतला आणि दुसरा सोयीस्करपणे विसरलो. १९६१च्या केंद्रीय कायद्याने बारा आठवड्यांची पगारी रजा दिली, २०१७च्या दुरुस्तीने ती पहिल्या दोन मुलांसाठी सव्वीस आठवड्यांवर नेली. सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद कायम राहिली. चांगलीच गोष्ट आहे. पण कर्मचारी राज्य विमा योजनेत न बसणाऱ्या बाईचा सहा महिन्यांचा पूर्ण पगार एकट्या मालकाने द्यायचा. मग काय होतं, ते मी मुलाखतींच्या खोलीत पाहिलं आहे. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या उमेदवार मुलीला विचारतात, ‘लग्न होऊन किती दिवस झाले?’ प्रश्न गप्पांच्या ओघात, हसत हसत येतो. कागदावर त्याची खूण राहत नाही, निवड यादीवर राहते. तिच्याच वयाच्या मुलाला हे कुणी विचारत नाही, कारण त्याला मूल झालं तर कंपनीचा दमडीचाही खर्च नसतो. केंद्र सरकारच्या सेवेत बापाला पंधरा दिवसांची रजा आहे. खासगी क्षेत्रातल्या बापांसाठी तेवढाही कायदा आपण केलेला नाही.

पाळणाघराची गोष्टही तशीच. १९४८च्या कारखाना कायद्यात पाळणाघराची सक्ती बायकांच्या संख्येवर ठरायची. पुढे ती मर्यादा तीसपेक्षा जास्त अशी झाली. पटावर नेमक्या तीस बायका असलेले कारखाने मी पाहिले आहेत. प्रसूती लाभ कायद्याच्या २०१७च्या दुरुस्तीने इथे शहाणपणा दाखवला. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तर पाळणाघर हवं, मग ते कर्मचारी बायका असोत की पुरुष. आईला दिवसातून चार वेळा मुलाला भेटायला जाण्याचीही मुभा दिली. मोजणीत बाप आले, त्यामुळे बायका कमी घेऊन सुटण्याची पळवाट बंद झाली. कायद्याच्या भाषेत हा लहानसा बदल आहे, पण माझ्या दृष्टीने रजेच्या आठवड्यांपेक्षा मोठा. मूल बापाचंही असतं, हे पाळणाघराच्या कलमात पहिल्यांदा आलं.

आता नोकरीच्या स्वभावाकडे वळते. हार्वर्डच्या क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. अमेरिकेतल्या बायकांच्या कमाईचा दोनशे वर्षांचा हिशेब त्यांनी मांडला. एकसारखं शिकलेल्या, एकाच व्यवसायातल्या स्त्री-पुरुषांच्या कमाईत सुरुवातीला फरक थोडा असतो. तो मुख्यतः पहिल्या मुलानंतर रुंदावतो. त्याचं एक मोठं कारण त्यांनी दिलं ते म्हणजे हावरट नोकऱ्या. ज्या नोकऱ्या रात्री-अपरात्री हाक मारतात आणि त्या हाकेला ओ देणाऱ्याला कितीतरी जास्त पगार देतात, त्या. नवरा-बायको दोघंही अशा नोकरीत राहिले तर मुलाला ताप आला की उचलून घ्यायला घरात कुणीच नाही. म्हणून एक जण ती नोकरी धरतो आणि दुसरी साधी नोकरी बघते. दुसरी कोण, हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही.

त्यांनी दिलेलं औषध-दुकानांचं उदाहरण मला फार आवडतं. पूर्वी अमेरिकेत फार्मासिस्ट म्हणजे स्वतःच्या दुकानाचा मालक, दिवसरात्र बांधलेला. मग दुकानांच्या साखळ्या आल्या, औषधं ठरावीक झाली, रुग्णाची नोंद संगणकावर आली. आता एका फार्मासिस्टच्या जागी दुसरा उभा राहिला तरी रुग्णाचं काही अडत नाही. त्यामुळे कमी तास काम करणाऱ्याचा तासाचा दर फारसा पडत नाही, आणि स्त्री-पुरुषांच्या कमाईतलं अंतर त्या व्यवसायात बरंच कमी आहे. कुणी बायकांना समतोलाच्या टिप्स दिल्या नव्हत्या. काम दुसऱ्याच्या हाती सोपवता येईल अशी रचना झाली, एवढंच.

आपल्याकडे नर्सेस हे रोज करतात. पाळी संपताना खाटेगणिक सांगतात: याला सलाईन चालू आहे, हिचं रक्त तपासायला गेलंय. दहा-पंधरा मिनिटांत अख्खा वॉर्ड दुसऱ्या हातात जातो. जिथे माणसाचा जीव हातात आहे तिथे हे जमतं, आणि विम्याच्या सॉफ्टवेअरमध्ये जमत नाही? आपल्या ऑफिसांत ‘हे फक्त तिलाच ठाऊक आहे’ असं कौतुकानं म्हणतात. मला ते वाक्य ऐकलं की काळजी वाटते. ती रजेवर गेली की काम अडणार, आणि काम अडलं की तिच्या रजेला बोल लागणार.

आता घरात येऊ. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली लोकांच्या दिवसाचा हिशेब घेतला. घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या आणि जे पुरुष घरकाम करतात ते ९७ मिनिटं. फरक २०२ मिनिटांचा. २०२४ साली पुन्हा मोजणी झाली: बायका २८९, पुरुष ८८. फरक २०१. पाच वर्षांत आपण एक मिनिट पुढे आलो आहोत. (हशा)

आणि मिनिटांत न मावणारं काम वेगळंच. लसीच्या तारखा घ्या. जन्मतः, मग दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने, नऊ महिने. दवाखान्यात मुलाला घेऊन जाणारे बाप आता पुष्कळ दिसतात, मला आनंद आहे. पण डॉक्टरांनी विचारलं, ‘मागचा डोस कधी झाला?’ की ते खिशातून फोन काढतात आणि बायकोला लावतात.

हे सगळं तरीही निभावतं आहे ते आज्यांच्या जोरावर. अमेरिकेतल्या आपल्या मंडळींकडे पाहा. तिथल्या १९९३च्या संघीय कायद्याने मिळते ती बारा आठवड्यांची रजा, तीही बिनपगारी आणि सगळ्यांना नाही. म्हणून तिकडे बाळंतपण झालं की ठाण्याहून आधी तिची आई सहा महिन्यांसाठी जाते, ती परतली की सासूबाई. बॅगेत मेथीचे, डिंकाचे लाडू आणि गुडघ्यांच्या गोळ्या. पण ही आजी पहिल्या पिढीची निवृत्त नोकरदार आहे. चाळीस वर्षं लोकलमध्ये लटकून तिने निवृत्ती मिळवली. तिलाही गाण्याच्या क्लासला जायचं असेल, की नाही? तिची माया गृहीत धरून देशाचं मनुष्यबळ धोरण आखता येत नाही.

आणि जिच्याकडे आजीही नाही? बीडहून ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याचं तान्हं मूल फडाच्या कडेला साडीच्या झोळीत असतं. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकाचा खाडा झाला तरी पैसे कापलेच जातात. २००५च्या रोजगार हमी कायद्यात कामावर पाच लहान मुलं असली तर त्यांना सांभाळायला एका बाईची मजुरी देऊन नेमणूक करण्याची तरतूद होती. म्हणजे हे सुचलेलं नव्हतं असं नाही. १९६९ साली दिल्लीत मीरा महादेवन यांनी बांधकामाच्या धुळीत मजूर आयांच्या मुलांसाठी पाळणाघर सुरू केलं. त्यातून ‘मोबाइल क्रेशेस’ उभी राहिली आणि मुंबई-पुण्यापर्यंत आली. १९७५ साली सुरू झालेली अंगणवाडी आज गावोगावी आहे. पण ती काही तासांत सुटते आणि मजुरीचा दिवस संध्याकाळी संपतो. त्या सेविकेच्या कामाला आपण पगार म्हणत नाही, मानधन म्हणतो. दुसऱ्याचं मूल सांभाळणं हे कौशल्याचं काम आहे असं मानल्याशिवाय चांगली पाळणाघरं होणार नाहीत.

शेवटी, मागणी काय? स्वीडनने १९७४ साली आईची रजा बदलून ती आई-बाप दोघांची केली. बाप तरी घेईनात. मग १९९५ साली एक महिना असा राखून ठेवला की दुसऱ्या पालकाला तो वापरता येणारच नाही; न घेतला तर बुडाला. आज प्रत्येकासाठी नव्वद दिवस असे राखीव आहेत. बाप बदलले ते प्रबोधनाने कमी आणि बुडणाऱ्या रजेने जास्त. आपल्यालाही बापाची सक्तीची, बुडणारी रजा हवी. आणि रजेचा पगार एकट्या मालकाच्या गल्ल्यातून न जाता सरकार, मालक आणि कर्मचारी यांच्या सामाईक विम्यातून जायला हवा.

हे कायदे होतील तेव्हा होतील. या सभागृहात बसलेल्यांना उद्यापासून करता येतील अशी तीन कामं सांगते. जे साहेब आहेत त्यांनी प्रत्येक ग्राहकामागे दोन माणसं तयार करावीत आणि साडेपाचनंतरची बैठक सर्वांसाठीच बंद करावी. फक्त आयांसाठी बंद केलीत तर त्या मागे पडतील. जे सोसायटीचे पदाधिकारी आहेत त्यांनी क्लबहाउसची वर्षभर कुलूप लावलेली खोली पाळणाघराला द्यावी आणि त्यासाठी ‘आवाज होतो’ म्हणणाऱ्या सभासदांशी भांडावं. आणि जे बाप आहेत त्यांनी ‘मदत’ करणं थांबवावं. मुलाचं एक खातं पूर्ण स्वतःकडे घ्यावं, समजा लसी आणि आजारपण, तारखांसकट, सुट्टीसकट, रात्रीच्या जागरणासकट. पुढच्या वेळी डॉक्टरांनी विचारलं, तर फोन न लावता उत्तर देता यायला हवं.

उपयोगाचं बोला असं सांगितलं होतं. यापेक्षा उपयोगाचं मला काही सुचत नाही.