दवबिंदूचं चित्र



पाच मिनिटांत मावेल अशी एकच वनस्पती मी निवडली आहे, दवबिंदू. पोलादपूरकडच्या मंडळींच्या पायाखाली ती पावसाळ्यात, ओल्या कातळावर, नक्की आली असेल. पानांवरच्या केसांच्या टोकाला चिकट थेंब असतात. त्यावर किडा बसला की अडकतो आणि पान त्याला पचवतं. कातळावरच्या मातीत नत्र कमी, म्हणून ही सोय.

हिचं एक जुनं चित्र ‘होर्तुस मलबारिकुस’च्या दहाव्या खंडात ‘अरकपुडा’ या मल्याळी नावानं आहे. मलबारचा डच अधिकारी व्हान रीड यानं करवलेले हे १२ खंड १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापले गेले. माहिती देणाऱ्यांत वैद्य इट्टी अच्युतन होते, तसेच रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोकणी वैद्यही. या तिघांची साक्ष पहिल्या खंडात नागरी लिपीत आहे! लिनियस भारतात कधी आला नाही. इथल्या कितीतरी वनस्पती त्यानं या चित्रांवरूनच ओळखल्या. झाडं किडे पचवतात हे डार्विननं प्रयोगांनी दाखवलं १८७५ मध्ये. म्हणजे कारण कळण्याआधी जवळजवळ दोनशे वर्षं चित्र तयार होतं.

चित्रच का? दवबिंदू वाळवून कागदावर चिकटवला तर थेंब जातात, पान आक्रसतं. ओळख उरते ती चित्रात.

जुलै २०२१ च्या पुरात महाडमधल्या आपल्यापैकी अनेकांची कागदपत्रं, फोटो गेले. माझी दहावीची जीवशास्त्राची वही चिखलातून निघाली. शाईची अक्षरं पसरली होती, आकृत्या मात्र वाचता येत होत्या. ‘आकृती शिसपेन्सिलीनंच’ हा सरांचा हट्ट आठवतोय ना?

तर माझी विनंती अशी. दर पावसाळ्यात नववीच्या मुलांना कातळावर न्यावं. झाड न उपटता त्यांनी ते पाहून काढावं; खाली तारीख, गाव आणि आजीच्या तोंडचं नाव लिहावं. एक प्रत महाडला वरच्या मजल्यावर, दुसरी पोलादपूरला ठेवावी. कागद-पेन्सिलींचा खर्च माझा. वाट दाखवायला पोलादपूरकर हवेत, आणि आकृत्या तपासायला, सर, तुम्ही.