दुकान बंद झालं, धाव उरली



माझे अब्बा कापडाच्या दुकानात नोकरीला होते. दिवसभर उभं राहून थान उलगडायचे, मीटरनं कापड मोजायचे. रात्री घरी आले की पायांना तेल चोळत म्हणायचे, "हे पाय आता माझे नाहीत, शेठजींचे आहेत." न्यूयॉर्कमधल्या एका दुकानाच्या नोकरांची हकिकत वाचली, तेव्हा अब्बांचं हे वाक्य आठवलं.

ते दुकान वानामेकर यांचं. ब्रॉडवेवरचं, नाना तऱ्हेचा माल एकाच छताखाली विकणारं मोठं दुकान. तिथल्या नोकरांनी काम संपल्यावर धावण्यासाठी एक क्लब काढला. त्याचं नाव 'मिलरोज'. यातल्या 'मिल'चा गिरणीशी काही संबंध नाही. मालकांचे चिरंजीव रॉडमन वानामेकर यांच्या पेनसिल्व्हानियातल्या बंगल्याचं ते नाव. म्हणजे धावायचे नोकर, पण नाव मालकाच्या घराचं!

१९०८ साली या क्लबनं सैनिकी कवायतीच्या एका बंदिस्त सभागृहात शर्यती भरवल्या. त्यांना इतकी गर्दी होऊ लागली, की १९१४ साली त्या 'मॅडिसन स्क्वेअर गार्डन' या मोठ्या क्रीडागृहात गेल्या. तिथली एक मैलाची 'वानामेकर माईल' ही शर्यत तर जगभर गाजली. लाकडी फळ्यांच्या मार्गावर अकरा फेऱ्या मारल्या की मैल पुरा व्हायचा. ग्लेन कनिंगहॅम यांनी ती सहा वेळा जिंकली, आयर्लंडच्या एमन कॉगलन यांनी सात वेळा. कनिंगहॅम यांच्या काळी हौशी धावपटूला बक्षीस म्हणून रोख पैसे घेता येत नसत.

आकाशवाणीवरून बोलतो आहे, म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगतो. ही शर्यत रात्री दहाच्या ठोक्याला सुरू व्हायची. कारण टेड ह्युसिंग या निवेदकाचा रेडिओवरचा कार्यक्रम त्या वेळी असे, आणि शर्यतीचं वर्णन थेट श्रोत्यांपर्यंत पोहोचवायचं असे. रेडिओच्या घड्याळावर धावपटू धावत होते.

पुढे काय झालं? १९५४ साली न्यूयॉर्कचं ते दुकान बंद पडलं. १९५६ साली त्याची जुनी इमारत आगीत गेली. पुढे वानामेकर हे नावही दुकानांच्या पाट्यांवरून उतरलं. शर्यती मात्र थांबल्या नाहीत. फ्रेड श्मेर्ट्झ यांनी १९३४ पासून चाळीस वर्षं त्यांची व्यवस्था पाहिली, त्यांच्यानंतर त्यांचा मुलगा हॉवर्ड यांनी. २०१२ पासून त्या 'आर्मरी' नावाच्या क्रीडागृहात भरतात. म्हणजे गार्डन सोडून पुन्हा कवायतीच्या जुन्या सभागृहातच!

आणि क्लब? त्याचे सभासद रस्त्यावरच्या लांब शर्यतींकडे वळले. त्यांच्यापैकी जो क्लाइनरमन हे १९५८ साली 'न्यूयॉर्क रोड रनर्स' ही संस्था उभी करणाऱ्यांत होते. याच संस्थेनं १९७० साली न्यूयॉर्क मॅरेथॉन सुरू केली. पहिल्या वर्षी १२७ जण धावले, शेवटपर्यंत पोहोचले ५५. आज तीच मॅरेथॉन हजारो सामान्य माणसं धावतात.

दुकान मालकाचं होतं, म्हणून मालकाबरोबर गेलं. क्लबला नाव मालकानं दिलं असेल, पण संध्याकाळ नोकरांची होती, दम त्यांचा होता. म्हणून तो टिकला. माणसाला पोटासाठी आपले पाय दिवसभर दुसऱ्याला द्यावे लागतात. पण दिवसातला एखादा तास ते स्वतःचे असावेत. अब्बांना तो तास कधी मिळाला नाही, याची खंत मला अजून वाटते.