परदेशी भाषांची मराठी बाराखडी

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला विषय दिला आहे तो पालकांच्या प्रश्नांतून आलेला. ‘आंतरराष्ट्रीय व्यवसाय हा विषय घेऊन पदवी करायची आणि सोबत फ्रेंच आणि जपानी शिकायचं, असं मुलगी म्हणते. करू द्यावं का?’ असा एक प्रश्न माझ्याकडे आला. दुसरा त्याहून मोठा होता : ‘आम्ही मराठी माध्यमातले. इंग्रजीच धड येत नाही, तिथे फ्रेंच-जपानी कसं जमणार?’

दोन्हींचं उत्तर एकदमच देते. करू द्यावं. आणि मराठी माध्यमातून आल्यामुळेच ते जास्त चांगलं जमेल. हे मी शाळेच्या व्यासपीठावर आहे म्हणून गोड बोलत नाही. त्यामागे कारणं आहेत, ती सांगते.

आधी माझा अधिकार काय ते. १९९६ साली इथून दहावी झाले, १९९८ ते २००२ पुण्यात इंजिनिअरिंग केलं. त्याच काळात फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागात जपानी शिकले. फ्रेंच पुढे नोकरी करता करता अलियाँस फ्रांसेझमध्ये शिकले. गेली वीस वर्षं आयात-निर्यातीच्या कागदपत्रांचं सॉफ्टवेअर बनवते. म्हणजे व्यापाराची पदवी माझ्याकडे नाही, पण व्यापाराचे कागद रोज हातात असतात.

जपानी वर्गात पहिल्या आठवड्यात अक्षरं शिकवतात. आधी स्वर : अ, इ, उ, ए, ओ. मग ओळी : का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. क, त, न, म, य, र, व हा क्रम ओळखीचा वाटतो ना? तो योगायोग नाही. संस्कृत मंत्र आणि सिद्धम् लिपी अभ्यासणाऱ्या बौद्ध भिक्षूंमुळे आपल्या वर्णमालेची मांडणी जपानपर्यंत पोहोचली. इंग्रजी माध्यमातली मुलं ती तक्त्यावरून पाठ करत होती. आम्हाला ती पहिलीतच भिंतीवर लावलेली सापडली होती.

पुढे व्याकरण. जपानीत क्रियापद शेवटी येतं, विभक्तीचे प्रत्यय नामाच्या मागून लागतात, अगदी आपल्यासारखे. आणि गंमत म्हणजे, ‘ताबेते मिरु’. ‘ताबेते’ म्हणजे खाऊन, ‘मिरु’ म्हणजे बघणे. खाऊन बघणे! ‘काइते ओकु’. ‘काइते’ म्हणजे लिहून, ‘ओकु’ म्हणजे ठेवणे. लिहून ठेवणे! इंग्रजीतून हे समजावायला पाठ्यपुस्तकाला अर्धं पान लागतं. मराठीतून एक ओळ पुरते. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची संस्था आपल्या इंग्रजी भाषक अधिकाऱ्यांना जपानी शिकवायला सुमारे २२०० तास धरते. आपल्यालाही चित्रलिपी काही सुटत नाही. कांजी घोटावीच लागते, रोजच्या वापराची अधिकृत यादीच २१३६ अक्षरांची आहे. पण वाक्य कसं रचायचं, हा डोंगर आपण आईच्या मांडीवरच चढून आलेलो असतो.

फ्रेंचचं वेगळं. तिथे प्रत्येक वस्तूला लिंग आहे म्हणून इंग्रजीवाले हैराण होतात. ‘टेबल स्त्रीलिंगी का?’ असा प्रश्न आमच्या वर्गात आला तेव्हा मला हसू आलं. आपल्याकडे तर तीन लिंगं आहेत. खुर्ची ती का आणि कपाट ते का, हे आपण कधी कुणाला विचारलं? तू आणि तुम्ही हा भेदही तिथे आहेच. फ्रेंचमध्ये ऐंशी म्हणजे ‘कात्र-वँ’, शब्दशः चार विसा. माझी आजी नारळ विसांनीच मोजायची. नाकातले उच्चार तर आपल्या कोकणातल्या म्हाताऱ्या माणसांकडून फुकट मिळालेले.

आता व्यवसायाकडे येते. आंतरराष्ट्रीय व्यवसाय म्हणजे सूट घालून विमानात बसणं नव्हे. माल कुणी भरायचा, वाटेत बुडाला तर नुकसान कुणाचं, पैसे कोणत्या कागदावर मिळणार, हे आधी ठरवणं म्हणजे तो व्यवसाय. त्यासाठी इनकोटर्म्स नावाचे नियम आहेत. ते पॅरिसमधल्या आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाने १९३६ साली पहिल्यांदा प्रसिद्ध केले. २०२०च्या आवृत्तीत असे ११ नियम आहेत. त्यातला सीआयएफ घ्या. बोटीचं भाडं आणि विमा विकणारा भरतो, पण माल बोटीवर चढला की धोका घेणाऱ्याचा. नवशिक्याला वाटतं, भाडं जो भरतो त्याचीच शेवटपर्यंत जबाबदारी. तसं नसतं. हे पदवीच्या वर्गात शिकायचं. ते भाषेच्या वर्गात कुणी शिकवत नाही.

मग भाषा कुठे उपयोगी पडते? आकड्यांपासूनच सुरुवात होते. तुम्ही बिलात १,५०० किलो लिहिलंत. फ्रान्समध्ये स्वल्पविराम हेच दशांशचिन्ह आहे. तिथला माणूस ते दीड किलो वाचू शकतो. जपानी माणूस दहा हजारांच्या पटीत मोजतो. दहा हजार म्हणजे एक ‘मान’, आणि दहा कोटी म्हणजे एक ‘ओकु’. मघाचा ठेवायचा ‘ओकु’ वेगळा बरं का! इंग्रजीच्या मिलियनमधून जाताना शून्यं सांडतात. लाख-कोटीची सवय असलेल्या माणसाला कळतं, की मोजायच्या पायऱ्या देशागणिक बदलतात. त्यांचं आर्थिक वर्ष आपल्यासारखं १ एप्रिलला सुरू होतं, म्हणून मार्चमध्ये तिकडेही धांदल असते. फ्रेंच कार्यालयं ऑगस्टमध्ये निम्मी रिकामी असतात. त्या महिन्यात सही मागू नये.

आणि मग येतं बोलणं. जपानी ग्राहक बैठकीत ‘हाइ, हाइ’ म्हणतो. ते ‘कबूल’ नसतं. ‘ऐकतोय, पुढे बोला’ असतं, आपल्या हुंकारासारखं. शेवटी तो म्हणतो, ‘केन्तो शिमासु’, म्हणजे विचार करतो. शब्दकोशाप्रमाणे ही आशा आहे. पण मुलगी बघायला आलेली मंडळी पोहे खाऊन ‘घरी गेल्यावर कळवतो’ म्हणतात, तेव्हा आपल्याकडे कुणी मांडव बांधायला घेतं का? बहुतेक वेळा हा तोच सूर असतो.

फ्रेंच माणूस उलट. तो तुमच्या तोंडावर तुमचा मुद्दा खोडून काढेल आणि नंतर तुमच्याबरोबर हसत कॉफी पिईल. त्यांच्याकडे बारावीच्या पातळीवरच्या परीक्षेत तत्त्वज्ञानाचा चार तासांचा पेपर असतो. वाद घालणं हे तिथे शाळेत शिकवलं जातं. आणि त्याने काम बघून ‘पा माल’, म्हणजे ‘वाईट नाही’ म्हटलं, तर खूश व्हा. आपल्याकडे आजोबा ‘बरं झालंय हो’ म्हणतात, त्याच जातीची ती शाबासकी आहे.

या दोन स्वभावांची माणसं एकाच टेबलावर येतात तेव्हा काय होतं, ते १९९९मध्ये रेनॉ आणि निस्सान या कंपन्या एकत्र आल्या तेव्हा जगाने पाहिलं. एक फ्रेंच, एक जपानी, आणि कामाची सामाईक भाषा इंग्रजी. दोघांनाही परकी. अशा टेबलावर दोन्हीकडचं मौन ज्याला कळतं, त्याची किंमत मोठी असते.

तुम्ही म्हणाल, आता मोबाइल सगळं भाषांतर करून देतो. देतो, मी रोज वापरते. पण एक प्रसंग सांगते. जपानी वाक्यात कर्ता बऱ्याचदा नसतो, आणि क्रियापदावरूनही ‘मी’ की ‘तुम्ही’ ते कळत नाही. एका ग्राहकाच्या ईमेलमध्ये तपासणीबद्दल असंच वाक्य होतं. यंत्राने कर्ता स्वतःच बसवला आणि भाषांतर आलं, ‘पुढच्या आठवड्यात आम्ही तपासून घेऊ.’ आमचे लोक निश्चिंत झाले. मूळ पत्र वाचल्यावर मागच्या-पुढच्या संदर्भावरून दिसलं, की तपासणी आमच्याकडून अपेक्षित होती. पाच दिवस हातात होते म्हणून निभावलं. यंत्राला दोष देण्यात अर्थ नाही, मूळ वाक्यात कर्ता नव्हताच. पण तो नाही हे दिसायला जपानी यावी लागते.

आता मुलांनो, तुमच्यासाठी तीन गोष्टी.

पहिली, दोन्ही भाषा एकाच वर्षी सुरू करू नका. एक पक्की करा, मग दुसरी. नुसतं प्रमाणपत्र भिंतीवर लावायला असतं. जपानीत एन-२ आणि फ्रेंचमध्ये बी-२ ही पातळी आली, की कामाला लागली म्हणा.

दुसरी, भाषेला जोड हवी. व्यापार, हिशेब, इंजिनिअरिंग, काहीही. नुसत्या भाषेवर दुभाष्याचं काम मिळतं, आणि ते उत्तम काम आहे. पण विषय आणि भाषा दोन्ही येणारा माणूस दुभाष्याच्या शेजारी नाही, निर्णय घेणाऱ्यांच्या शेजारी बसतो.

तिसरी सगळ्यात महत्त्वाची. शहरांतल्या कनिष्ठ महाविद्यालयांत अकरावीला मराठी सोडून फ्रेंच किंवा जर्मन घेतात, गुण जास्त मिळतात म्हणून. गुणांचा हिशेब मला कळतो. पण आत्ता मी जे सांगितलं त्यातलं काय इंग्रजीतून आलं? वर्णमाला, ‘खाऊन बघणे’, तीन लिंगं, चार विसा, ‘कळवतो’. सगळं मराठीतून आलं. जी शिडी चढून वर जायचं, तीच विकून वरच्या मजल्याचं भाडं भरायचं का? फ्रेंच जरूर घ्या. मराठीच्या जागी घेऊ नका, मराठीच्या वर घ्या.

माझ्याकडून एवढंच. जूनपासून दर रविवारी सकाळी एक तास मी ऑनलाइन जपानी अक्षरं शिकवेन. हिरागानाची ४६ मुळाक्षरं, दिवाळीपर्यंत सहज होतील. फी नाही. अट एकच : वहीत अर्थ मराठीत लिहायचा. नावं कार्यालयात द्या.