फेरी मारली, पण भेटले नाही

आजचा विषय जड आहे, म्हणून आधीच सांगते. स्वतःला इजा करून घेणाऱ्या, हॉस्पिटलात दाखल असलेल्या मुलांबद्दल बोलायचंय. आत्ता झेपणार नसेल, तर इथेच थांबलात तरी चालेल.

मी मनोविकार वॉर्डात नर्स आहे. सुरुवातीला मला वाटायचं, सुरक्षित ठेवायचं म्हणजे धोक्याच्या वस्तू काढून घ्यायच्या आणि नजर ठेवायची. बस्स! एका पंधरा वर्षांच्या मुलीची बॅग मी सगळ्यांसमोर उपसली. वर म्हणाले, "का करतेस गं असं? आईचा तरी विचार कर." ती गप्प.

त्या रात्री दर पंधरा मिनिटांनी फेरी मारली, रजिस्टरवर सह्या केल्या. आई शेजारीच, दमून झोपलेली. तरी दोन फेऱ्यांच्या मधे तिने स्वतःला इजा केली. जखम छोटी होती. पण सकाळी ती म्हणाली, "सिस्टर, तुम्ही यायचात, टॉर्च मारायचात, जायचात. मी जागीच होते."

ते वाक्य अजून टोचतं.

वस्तू काढाव्याच लागतात. धोका मोठा असेल तर कुणीतरी सतत जवळ लागतंच. पण आता मी झडती पडद्याआड घेते, कारण सांगून. फेरीची वेळ थोडी पुढेमागे करते. मूल जागं दिसलं तर टेकते आणि सरळ विचारते, "स्वतःला इजा करावीशी वाटतेय का?" विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरते, हा गैरसमज आहे. उलट मूल मोकळं होतं.

'पुन्हा करणार नाही' असं लिहून घेणंही मी सोडलं. त्याने मुलं थांबत नाहीत, लपवायला शिकतात. त्याऐवजी आम्ही मिळून कागदावर लिहितो: त्रास वाढायला लागला हे कसं कळतं, तेव्हा काय केलं की बरं वाटतं, कुणाला उठवायचं. सगळं मुलाच्याच शब्दांत.

आणि हक्क माहीत असू द्या. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलांना मोठ्या पेशंटांपासून वेगळं ठेवायचं असतं आणि घरचं किंवा सोबतीचं माणूस पूर्ण मुक्कामभर जवळ हवं. एकटं कोंडून ठेवायला बंदी आहे. शिक्षा म्हणून बांधता येत नाही.

तुमचा मित्र किंवा मैत्रीण दाखल असेल, तर भेटायला जा. "हात दाखव" म्हणू नका. नेहमीच्या गप्पा मारा.

ती मुलगी? दुसऱ्या आठवड्यात रात्री दोन वाजता स्वतःहून माझ्या टेबलाशी आली. "सिस्टर, आज परत तसं वाटतंय. इथे बसू का?"

मी खुर्ची सरकवली. त्या रात्री तिने स्वतःला काही केलं नाही.

तुम्हालाही असं वाटत असेल, तर जवळच्या कुणाला तरी आजच सांगा. किंवा टेली-मानसचा १४४१६ लावा. मोफत आहे, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.

काळजी घ्या. भेटू पुढच्या भागात.